निंगच्या वाटची भिशी

सालातिगा,
रविवार, दुपार

आदरणीय हर्गोनोदादांना सालातिगाहून सुविग्न्योचा सलाम.

तुम्ही, वहिनी आणि भिंतीला धरून चालू लागलेला नातू, तिघंही खुशाल असाल अशी आशा करतो. तुमच्या अंगठ्याची सूज उतरली का? (डॉक्टरांनी बंद केलेली कोंबडीची काळजं तुम्ही वहिनींच्या नकळत खाता, हे निंगने मला सांगून ठेवलं होतं. मी कुणाला बोललो नाही. मी कुणालाच काही बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.) माझी तब्येत बरी आहे. एक दाढ सोडली तर तक्रार नाही, आणि त्या दाढेबद्दलच पुढे बरंच लिहायचं आहे.

फोन करायचा सोडून पत्र लिहितो आहे याचं नवल वाटेल. पण आपण दोघं फोनवर काय बोलतो ते आठवा. तुम्ही विचारता, "पाऊस?" मी म्हणतो, "आहे." मी विचारतो, "तिकडे?" तुम्ही म्हणता, "ऊन." मग आपण दोघंही थोडा वेळ श्वास घेतो आणि फोन ठेवतो. निंग होती तोवर हे ध्यानात आलं नाही, कारण फोन तीच घ्यायची आणि शेवटी "हेही सलाम सांगताहेत" असं माझ्या वतीने म्हणून टाकायची. मी तेव्हा बहुतेक पेपर वाचत असायचो.

तर दादा, मी सध्या एका भिशीत अडकलो आहे. निंगच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, शेजारीपाजारी जेवणाचे डबे घेऊन आपापल्या घरी गेले, आणि चार माणसं तेवढी उठेनात. मला वाटलं डबे कमी पडले. मी आत जाऊन बघून आलो, तर डबे त्यांच्या मांडीवरच होते. शेवटी त्यांच्यातल्या बू मार्तांनी घसा साफ केला. (या निवृत्त मुख्याध्यापिका. चष्मा गळ्यात दोरीला, आणि त्या बोलायला लागल्या की मी अजूनही हात मागे बांधून उभा राहतो.) म्हणाल्या, आम्ही बू निंगच्या भिशीतले, आणि त्यांच्या वाटचं अजून बाकी आहे.

भिशीतला माणूस मध्येच गेला तर त्याच्या वाटचं घरच्यांनी चालवायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आपल्या गल्लीत भांड्यांची भिशी झाली आहे, गाद्यांची झाली आहे, एकदा बकऱ्याची झाली आहे. मी म्हटलं, काय असेल ते सांगा. तर म्हणाल्या, ही गोष्टींची भिशी आहे. गोष्टी म्हणजे वस्तू नव्हे, लिहिलेल्या गोष्टी. महिन्यातून एका रविवारी जमायचं, पेल्यातून चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी पुढच्या महिन्यात बसायचं, त्याने स्वतःची गोष्ट वाचायची, बाकीच्यांनी ती जिवाचा कान करून ऐकायची आणि मग प्रत्येकाने काय वाटलं ते सांगायचं. पैशाच्या जागी ऐकणं. या फेरीत पहिलीच चिठ्ठी निंगची निघाली होती. म्हणजे तिचं ऐकून झालं होतं, आणि तिने ज्यांचं ऐकायचं त्यातली तीन माणसं शिल्लक होती. आता ती तीन माणसं मला ऐकावी लागणार.

मी पाणीपुरवठा खात्यात नोकरी केलेला माणूस. रस्त्याखालचा नळ कुठे गळतो ते जमिनीला दांडी लावून, कान देऊन ऐकायचं, हे माझं काम होतं. नळ आपल्याला नंतर "कसं वाटलं?" असं विचारत नाही, हा त्या नोकरीतला मोठा आराम. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. यावर चौघांतले एक गृहस्थ मोठ्याने हसले, आणि ते हसणं मी ओळखलं.

ते का ओळखलं हे सांगतो. निंगची पाळी होती तेव्हा बैठक माझ्याच घरात झाली होती. तिने सकाळी मला विचारलं होतं, "बसता का थोडा वेळ?" मी म्हटलं, टाकी धुवायची आहे. आणि खरोखरच गच्चीवर जाऊन टाकी धूत बसलो. (टाकी तशी फार घाण नव्हती.) टाकीत उतरून घासताना खालून हसण्याचे आवाज येत होते. त्यात एक आवाज पुरुषाचा, चांगला भरदार, आणि त्यानंतर लगेच निंगचा. निंग इतकी मोठ्याने हसते हे मला टाकीत बसून कळलं. तर तो भरदार आवाज म्हणजे पाक दानुर. दाताचे डॉक्टर. गळ्यात रेशमी रुमाल. केस पिकलेत, पण पिकून शोभतात, हे आणखी एक.

दादा, मी मत्सरी माणूस नाही. खात्यात माझ्या हाताखालचे तिघं माझ्या डोक्यावर चढून साहेब झाले, मी प्रत्येकाच्या सत्काराला हजर राहिलो आणि केक खाल्ला. पण त्या दिवशी या चौघांनी माझ्या बैठकीत बसून मला निंगबद्दल ज्या गोष्टी सांगितल्या, त्या ऐकून माझा मत्सर जो सुरू झाला तो आजपर्यंत थांबलेला नाही. निंग चहात दोन चमचे साखर घ्यायची. (माझ्या घरात सत्तावीस वर्षं बिनसाखरेचा प्यायली. मी बिनसाखरेचा पितो म्हणून वेगळा करत नव्हती की काय, कोण जाणे.) निंग बैठकीत सगळ्यांत तिखट बोलायची. निंग गोष्ट वाचून झाली की कागद फाडून टाकायची, कारण पहिला कागद समोर असला की दुसऱ्यांदा लिहिताना माणूस आळशी होतो असं तिचं मत होतं. तिचं असं मत होतं! माझ्यासमोर तिने आजवर फक्त गॅस कंपनीबद्दल मत दिलं होतं.

आणि सगळ्यांत लागलेली गोष्ट ही. बू विदायाती (या लग्नकार्याची जेवणं करतात आणि भुतांच्या गोष्टी लिहितात) डोळे पुसत म्हणाल्या, "बू निंग नसत्या तर मी तिसऱ्या पानावरच लिहिणं सोडलं असतं. मी वाचताना अडखळले, लाजले, की त्या मांडीवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, 'हे खोटं आहे, पुढे सांगा.'" तर युनांतो नावाचा विमा एजंट आहे, तो म्हणाला, "मलापण म्हणायच्या! हे खोटं आहे, पुढे सांगा. याच्यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती त्यांच्याकडे, काका." मग चौघंही तेच वाक्य एकमेकांना म्हणून दाखवायला लागले, आणि मी माझ्याच घरात डबे मोजायला आत निघून गेलो.

परत बाहेर आलो तेव्हा डोक्यात एकच होतं, निंगने वाचली ती गोष्ट काय होती? कागद नाही, ती नाही, निदान गोष्ट तरी मला कळावी, एवढंच मला हवं होतं आणि अजूनही हवं आहे. भिशी चालवायला मी हो म्हटलं ते एवढ्यासाठीच. सहा कान, आठ कान, जेवढे होते तेवढ्यांनी ती ऐकली, आणि तिच्या घरातले दोन कान तेवढे टाकीत होते.

आता तुम्हाला वाटेल, चार माणसांनी ऐकलेली गोष्ट, विचारायचं आणि मोकळं व्हायचं. मलाही तसंच वाटलं. पण दादा, गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याची गोष्ट कधी सांगायला लावू नका. खात्यात मी दहा जणांना विचारायचो, पाणी कधीपासून जातंय, आणि दहांपैकी नऊ जण सारखंच सांगायचे. इथे तसं नाही. एक गोष्ट मात्र मी विचारलं त्या तिघांच्या सांगण्यात सारखी: एक बाई आहे, आणि रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून दिवसभरात काय काय पाहिलं ते तिला रंगवून सांगणारा एक माणूस आहे. बाई त्याच्यावर जीव टाकते. इथपर्यंत एकमत. हा माणूस कोण, इथून फाटे.

पहिली बैठक बू विदायातींकडे. त्यांची भुताची गोष्ट मी कान देऊन ऐकली. केळीच्या बागेत एक बाई केस सोडून हिंडते, एवढं समजलं. माझी पाळी आली तेव्हा मी खरं तेच सांगितलं, "मला कळलं नाही." मग बू मार्तांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "कुठून कळेनासं झालं?" मी म्हटलं, ती बाई जेवते कधी, तिथून. तर बू विदायाती कपाळावर हात मारून उठल्या, "अगं बाई, खरंच की! केळीच्या बागेत राहते आणि एकदाही केळं खात नाही!" मला चिडवताहेत असं वाटलं, पण नाही, त्यांनी ते लिहून घेतलं. पाक दानुर म्हणाले, पाक सुविग्न्योंची नजर मुळावर जाते. मला त्यांची शाबासकी नको होती. मी तोंड बंद ठेवायला म्हणून समोरची शेंगदाण्याची कुरकुरीत चकती उचलून करकचून चावली, आणि माझी दाढ तुटली. दाताचा डॉक्टर समोर बसलेला असताना मी तो तुकडा गिळला आणि चेहरा हलू दिला नाही. मत्सराने माणूस काय काय करतो पाहा.

त्याच दिवशी बू विदायातींना बाजूला घेऊन निंगची गोष्ट विचारली. त्या म्हणाल्या, तो माणूस मेलेला असतो. संध्याकाळी येतो, बोलतो, आणि चहा तसाच राहतो. मी विचारलं, हे निंगने असं वाचलं? त्या थोड्या घुटमळल्या, "वाचलं नसेल असं शब्दाशब्दाने, पण मला तर जाणवलं बाई." परतताना युनांतोने मला मोटारसायकलवर घेतलं, आणि चढावर गाडी दमली तेव्हा मान मागे वळवून तो म्हणाला, "काका, रागावू नका, पण तो नवरा नव्हता. जुनं प्रेम होतं. आम्ही सगळ्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं, की इतकं बोलणारा नवरा कुठे असतो का? कुणाला पटणारच नाही. काढून टाका, नाहीतर त्याला दुसरा कुणीतरी करा." मी ओरडून विचारलं (उतारावर वारा फार होता), मग ती काय म्हणाली? "हसल्या. म्हणाल्या, 'गोष्टीत तोच तेवढा खरा आहे.'"

दादा, त्या वाक्यानंतर मी जेवलो नाही. दाढेचं कारण होतंच. नवरा मी, आणि मी तर बोलत नाही. मग हा बोलणारा खरा माणूस कोण? दुसऱ्या बैठकीला बू मार्तांकडे गेलो. त्यांच्या गोष्टीत एक दारुडा शेवटी चर्चच्या गायनात दाखल झाला. (मी पुन्हा म्हटलं, कळलं नाही. पुन्हा वाहवा झाली. या लोकांना गप्प बसणाऱ्या माणसाबद्दल भलताच आदर आहे, कारण त्यांच्यात तसा कुणी नाही.) निंगच्या गोष्टीबद्दल विचारलं, तर बू मार्ता म्हणाल्या, तो माणूस आधी वाईट होता आणि पत्नीच्या सहनशीलतेमुळे सुधारला. ते वाक्य मात्र त्यांनाही आठवत होतं. "तोच तेवढा खरा आहे, असं म्हणाल्या खऱ्या, आणि मग कुठेतरी बघत बसल्या." कुठे बघत बसली? "दानुरांच्या बाजूला खिडकी होती, तिकडे."

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मी सगळं एका ओळीत मांडलं. निंगच्या दाढेचं काम मागच्या वर्षी पाक दानुरांकडेच झालं. एकदा नव्हे, चार-पाच खेपा. त्यांच्या खुर्चीत माणूस उताणा पडतो, वर दिवा असतो म्हणून डोळे मिटून घेतो, तोंडात कापूस असतो म्हणून बोलू शकत नाही, आणि पाक दानुर बोलतात. ते थांबत नाहीत, सगळं गाव सांगतं. डोळे मिटून ऐकणारी बाई आणि बोलणारा माणूस. आणखी काय हवं? दाढ दुखायला लागली तरी मी महिनाभर त्यांच्याकडे गेलो नाही. लवंग चावली, मिठाचं पाणी केलं, शेजारच्या आजीबाईंनी सांगितलेला पाला गालाला बांधून हिंडलो. गावात दुसरा दाताचा डॉक्टर आहे, पण त्याच्याकडे गेलो तर मी घाबरलो असं पाक दानुरांना वाटलं असतं. शेवटी गाल एवढा सुजला की मशिदीत शेजारच्याला माझा चेहरा ओळखू येईना. मग ठरवलं, जायचं, खुर्चीत बसायचं, आणि तोंड उघडायच्या आधी सरळ विचारायचं.

विचारायचं राहून गेलं. दार उघडताच "अरे अरे अरे, हे काय करून घेतलंत!" म्हणून त्यांनी मला खांद्याला धरून खुर्चीत घातलं, दिवा लावला, सुई टोचली, आणि दोन्ही गालांत कापूस कोंबला. माझा प्रश्न कापसाच्या मागे राहिला. मी डोळे मिटले. आणि पाक दानुर सुरू झाले.

"मोठा आ करा. आणखी मोठा. बू निंगचं तोंड इतकंसं, फार त्रास व्हायचा. पण बाई हूं की चूं करायच्या नाहीत. तुम्ही त्यांची गोष्ट विचारत फिरताय असं ऐकलं. मला नाही विचारलंत! अहो, त्या गोष्टीचं जे काही भलं झालं ते माझ्यामुळे. जीभ आत. मूळ गोष्टीत काय होतं माहितीये? पट्टी! त्या बाईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, इस्पितळाची खाट. मी म्हटलं, बू निंग, ही पट्टी काढा. पट्टी आली की वाचणारा खिशातून रुमाल काढतो आणि गोष्ट वाचायचीच थांबवतो. बाईला डोळस करा, छान घरात बसवा. सगळ्यांनी मान डोलावली. आता तर मंडळात कुणाला पट्टी आठवतही नसेल!"

खरंच कुणाला आठवत नव्हती. दादा, या लोकांनी काय केलं ते समजलं ना तुम्हाला? निंगने वाचलेली गोष्ट ते विसरले, आणि आपण सुचवलेली दुरुस्ती तेवढी लक्षात ठेवून बसले. मला जी जी गोष्ट सांगितली ती बिनपट्टीची. बिचाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. फुटका नळ दुरुस्त केल्यावर तो कसा फुटला होता ते आमच्या खात्यातही कुणी आठवत नाही. मी तोंडातल्या कापसातून काहीतरी आवाज केला. त्यांना वाटलं, पुढे सांगा म्हणतोय.

"पण ते थर्मासवाले म्हातारा-म्हातारी! त्यांना मात्र मी एका शब्दाने नावं ठेवली नाहीत. आहाहा! इस्पितळाच्या खानावळीत रोज बसतात आणि झाकणातला चहा आधी कुणी प्यायचा यावरून भांडतात. म्हातारी म्हणते, 'तुम्ही आधी प्यायलात की माझ्या चहाला तुमच्या विडीचा वास येतो.' आणि म्हातारा म्हणतो, 'चाळीस वर्षं आला, आता शेवटी शेवटी कशाला नाक उघडतेस?' असली माणसं बसल्या जागी सुचत नाहीत हो. बाकीचे विसरले, कारण खानावळच काढल्यावर ती दोघं बसणार कुठे. मी बू निंगना विचारलं, हे जोडपं कुठे पाहिलंत? तर म्हणतात, 'पाहिलं नाही हो, ऐकलं.'"

दादा, ते म्हातारा-म्हातारी तिने पाहिले नव्हते. मीही पाहिले नव्हते. सबंध जगात त्यांना कुणीच पाहिलेलं नाही.

सेमारांगच्या इस्पितळातलं निंगचं ते डोळ्यांचं ऑपरेशन तुम्हाला आठवत असेल. पडदा सुटला होता, दोन्ही डोळे बांधले होते आणि मान हलवायला बंदी होती. मी शेजारी स्टुलावर बसायचो. पहिला दिवस मी नेहमीसारखा बसलो. दुसऱ्या दिवशी तिने हात पुढे करून हवेत चाचपलं आणि विचारलं, "आहात ना?" मी तिथेच होतो, हातभर अंतरावर, सकाळपासून. तेव्हा मला कळलं की डोळे बांधलेल्या माणसाजवळ गप्प बसलं म्हणजे आपण तिथे नसतोच. मग मी बोलायला लागलो. काय बोलायचं ते येत नव्हतं, म्हणून खाली जाऊन काय काय दिसलं ते सांगायचो. औषधाच्या खिडकीवरची रांग. परिचारिकेची एका बाजूला मोडलेली छत्री. दोन-तीन दिवसांत दिसलेलं सगळं संपलं. सेमारांगचं इस्पितळ ते, तिथे रोज रोज काय नवीन घडणार? पण संध्याकाळ झाली की ती तोंड माझ्याकडे वळवायची आणि वाट बघायची. म्हणून मी एक म्हातारी बसवली खानावळीत, तिच्यासमोर एक म्हातारा बसवला, आणि मध्ये थर्मास ठेवला. ती हसली, टाके दुखतील म्हणून तोंडावर हात धरून हसली. मग रोज त्यांचं भांडण वाढवत नेलं. निघायच्या दिवशी ती म्हणाली, "चला, जाता जाता त्या थर्मासवाल्यांना भेटून येऊ." मी म्हटलं, ते सकाळीच घरी गेले. ती म्हणाली, "बरं."

पट्टी निघाली, तिला दिसायला लागलं, आणि मी पुन्हा पेपर वाचायला लागलो. तो पंधरवडा मी साफ विसरलो होतो. वर्षभराने निंग कागद आणून लिहायला बसायला लागली, तर मला वाटलं, बायकांना वेळ घालवायला काहीतरी लागतं.

खुर्चीत पडल्या पडल्या हे सगळं माझ्या डोक्यात एकदम शिरलं आणि माझ्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाक दानुर घाबरले. "दुखतंय? अजून बधिर नाही झालं?" म्हणून त्यांनी आणखी एक सुई दिली. मी हाताने नको नको म्हणत होतो, तर त्यांनी तिसरी तयार केली. सुया देता देता बोलणं चालूच. "आणि शेवट ऐका. पट्टी निघते, दृष्टी अगदी ठणठणीत, पण बाई डोळे उघडतच नाही! मिटूनच ठेवते. का, तर डोळे उघडले की हा बोलायचा थांबेल. मी म्हटलं, बू निंग, हे कुणाला पटणार? कुठली बाई असं करील? चूळ भरा."

मी चूळ भरली.

त्यांना विचारायचं काही उरलं नव्हतं, आणि उरलं असतं तरी दिवेलागणीपर्यंत माझी जीभ माझ्या ताब्यात नव्हती. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "पट्टी काढायला सांगायला नको होतं का मी? तुमचं तोंड बघून तसं वाटतंय." दादा, मी महिनाभर या माणसाला मनातल्या मनात सालातिगाच्या सगळ्या उतारांवरून ढकलून दिलं होतं. त्यांचा रुमालही तसा काही वाईट नाही. गेल्या रविवारी त्यांची पाळी होती, त्यांची गोष्ट ऐकली. एका दाताच्या डॉक्टरवर गावातल्या सगळ्या बायका भाळतात. मी त्यांच्या मांडीवर हात ठेवून म्हटलं, "हे खोटं आहे, पुढे सांगा." सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि पाक दानुरांनी रुमाल सोडून डोळ्यांना लावला.

निंगच्या वाटचं असं फिटलं. हे चार लोक विचित्र आहेत, एकमेकांच्या गोष्टी मोडून ठेवतात, एकमेकांचं खाऊन दात मोडून घेतात. पण त्यांनी तिला दर महिन्याला तोंड वळवून विचारलं, पुढे काय. तेवढं मी विचारलं नाही. म्हणून मत्सर गेला म्हणाल, तर तो गेलेला नाही. फक्त पाक दानुरांना सोडून तो दुसऱ्यावर जाऊन बसला आहे. सेमारांगला स्टुलावर बसलेला तो जो कुणी सुविग्न्यो होता, त्याचा आता मला रात्रंदिवस हेवा वाटतो. त्याच्याकडे ती तोंड वळवून वाट बघायची.

वहिनींना सलाम, नातवाला आशीर्वाद. अंगठ्याला जपा. काळजं खाऊ नका.

तुमचा,
सुविग्न्यो

ता. क. शंभराव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी तुम्ही पाठवलेले सुके मासे पोचले. सगळ्यांना आवडले. मला खाता आले नाहीत, तेव्हा पाल्याचं पोटीस चालू होतं. पत्र लिहिण्याचं कारण हेच कळवणं होतं.

ता. क. दुसरा. भिशीची नवी फेरी सुरू होते आहे. बू मार्तांनी पेला पुढे केला आणि विचारलं, निंगच्या नावाची चिठ्ठी टाकू की तिची जागा आता मोकळी समजायची? मी माझं नाव लिहून टाकलं. (सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टाकी धुवायची आहे असं सांगून निघून आलो.) गोष्ट काय लिहायची ते ठरलं आहे, पण एका जागी अडलो आहे, आणि ती जागा तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मासे पोचल्याचं कळवायचं हे निमित्त होतं, खरं पत्र या अडलेल्या जागेसाठी आहे.

ता. क. तिसरा. इस्पितळातून घरी आलो ते तुमच्या हिरव्या गाडीतून. तुम्ही चालवत होता, आम्ही दोघं मागे. डॉक्टरांनी डोळे उघडे ठेवायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, पण निंग बसल्याबरोबर डोळे मिटून, तोंड माझ्याकडे करून टेकली. मला वाटलं, दमली, झोपली. तिची झोपमोड नको म्हणून मी घरापर्यंत एक शब्द बोललो नाही. तुम्हाला रेडिओसुद्धा बंद करायला लावला. तुमच्या समोर आरसा होता, आणि त्या घाटात तुम्ही प्रत्येक वळणाला त्यात बघत होता, एवढं मला पक्कं आठवतं. ती झोपली होती का? झोपलेली नसेल तर तसं लिहा. झोपली असेल तर झोपली होती, एवढंच लिहा. तुम्ही आमच्या भिशीतले नाही. कृपा करून मला बरं वाटावं म्हणून काही दुरुस्ती करू नका.